कुमुदची आंघोळ

बँडेज गुंडाळताना झोप येते ती आधी अंगठ्यात उतरते. रोल घट्ट यायला हवा, तो मऊ यायला लागतो. मला ते कळतं आहे, तरी मी तो सोडून पुन्हा गुंडाळत नाही. एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी सगळ्या वर्गासमोर तिला तो उलगडायला लावला असता.

दुपारची जेवणं उरकली आहेत. आमच्या नर्सिंगच्या शाळेतली प्रात्यक्षिकाची खोली, मी एकटी, आणि मांडीवर बँडेजांचा ढीग. सकाळी फर्स्ट इयरच्या पोरींनी एकमेकींचे हातपाय बांधून पाहिले आणि सोडलेली बँडेजं तशीच टाकून जेवायला पळाल्या. गुंडाळायचं काम खरं तर त्यांचं. पण आज माझ्या हातांना काम हवं आहे आणि तोंडाला नको आहे. समोरच्या कॉटवर चौगुलेकाकू छातीपर्यंत चादर घेऊन पडल्या आहेत. चौगुलेकाकू म्हणजे आमची रबराची बाई, माणसाएवढी. कितीही इंजेक्शनं टोचली तरी ओरडत नाही, म्हणून पोरींची लाडकी. तिचं नाव ठेवलं कुमुदने.

कुमुद सातपुते. माझ्याच बॅचची, पुढे माझ्यासारखीच इथे ट्यूटर झालेली, आयुष्यभर शेजारच्या टेबलावर बसून माझ्या डब्यातली लोणच्याची फोड पळवणारी. फर्स्ट इयरच्या मुलींना पलीकडच्या मेडिकल कॉलेजात नेऊन ॲनाटॉमीच्या हॉलमधले मृतदेह दाखवून आणायचं काम दर वर्षी तिचंच असायचं. यंदाची तुकडी आज तीनला जायची आहे. यंदा कुमुद नेणार नाही, कारण ती तिथेच आहे. चैत्रात गेली. तिने देहदान केलं, आणि ते माझ्यापासून चोरून केलं.

"मी येणार नाही," असं मी सकाळीच रेश्माला सांगून टाकलं आहे. रेश्मा मुजावर आमची सगळ्यात नवी ट्यूटर. पोर चांगली आहे.

"मॅडम, मी एकटीनं कधी नेलं नाही मुलींना."

"मग आज ने."

तेव्हापासून कुणी माझ्या वाटेला गेलेलं नाही.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. अंगठ्यातली झोप मनगटात येते, मनगटातून कोपरात. चौगुलेकाकूंची चादर हलते. पंख्याने हलली असेल, असं मी मनाशी म्हणते आहे तोवर चादर बाजूला सारून कुमुद उठून बसते.

"रोल म्हणायचा का भजं ह्यो?" ती म्हणते.

मला आश्चर्य वाटत नाही. राग येतो. चैत्रापासून झाकून ठेवलेला राग, झाकण उघडल्याबरोबर उतू जातो.

"तू माझ्याशी बोलू नकोस."

"बरं. न्हाई बोलत." आणि माझ्या मांडीवरचं एक बँडेज ओढून घेऊन ती डाव्या हाताने गुंडाळायला लागते.

कुमुद डावखुरी. आमच्या वेळच्या सिस्टर ट्यूटरनी फूटपट्टीने मारून पाहिलं, हात काही बदलला नाही. आपण सगळ्या बँडेज डावीकडून उजवीकडे नेतो, ती उजवीकडून डावीकडे न्यायची. आणि शेवटचं टोक? पीन नाही, गाठ नाही, कुठल्या तरी आतल्या घडीत असं खोचायची की परीक्षकांना ते सापडायचंच नाही. दर खेपेला तिचे मार्क कापले जायचे. बँडेज मात्र कधी सुटलं नाही.

"तू इथे कशी? तुझी जागा तिकडे हॉलमध्ये आहे."

"तिथं लई गार हाय, हेमे. जरा उबंला आलो."

आमच्या सांगलीकडच्या बायका जिवाभावाच्या बाईशी अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. दुसऱ्या कुणापुढे कुमुद असं बोलायची नाही. ते ऐकून मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग येतो.

मी उठून गॅस बारीक करते. प्रात्यक्षिकाच्या खोलीत गॅस नसतो, पण कट्टा माझ्या घरचा आहे, कुकर माझा आहे, खिडकीत वाळत टाकलेली फडकी माझी आहेत. कुमुद कॉटवरून पाय सोडून बसली आहे आणि तिच्या टाचा माझ्या तांदळाच्या डब्यावर आपटत आहेत. टेबलाशी आमचे हे पेपर वाचत आहेत. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर हे पेपर थोडाफार वाचायचे. चैत्रापासून पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. पेपर खाली ठेवला की माझ्याशी बोलावं लागतं.

"भावजी, चहा घेणार न्हवं?" कुमुद विचारते.

"हिला विचारा," हे पेपराआडून म्हणतात.

"मला कशाला? मला काही विचारायची, सांगायची पद्धत या घरात आहे कुठे?"

कुकरसुद्धा शिट्टी द्यायची थांबतो. यांना सगळं माहीत होतं. देहदानाला साक्षीदार लागतो म्हणून कुमुद यांनाच घेऊन गेली होती, आणि हे गेले. माझ्या हातची भाकरी खात होते, सणासुदीला तिला आमच्याच घरी जेवायला वाढत होते, दोघांनी एकमेकांकडे बघितलंही असेल माझी पाठ वळल्यावर. चकार शब्द काढला नाही.

"तिनं शपथ घातली होती, हेमा," पेपर म्हणतो.

"आणि माझ्याबरोबर सात पावलं चालला होतात ती?"

कुमुद खुदकन हसते. "भांडणात हिचा हात कुणी धरायचा न्हाई, भावजी."

मला तिचं हे हसणं सहन होत नाही. नवऱ्याने लपवलं ते एक वेळ मी समजू शकते, पुरुषांना कुणी गुपित सांगितलं की मोठेपणा वाटतो. पण हिने? माझ्या दुखण्याखुपण्यात, माझ्या बाळंतपणात उशाशी बसलेल्या बाईने माझ्याच नवऱ्याला हाताशी धरून मला वेड्यात काढावं?

हे पान उलटतात. ते पान नाही, चादर आहे. चादरीचं एक टोक माझ्या हातात आहे आणि दुसरं कुमुदच्या. आम्ही ती झटकतो आहोत. बायकांच्या वॉर्डाच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन आलं आहे. आमच्या डोक्यांवर खळ घातलेल्या पांढऱ्या टोप्या आहेत आणि कुमुदच्या वेण्या वर बांधलेल्या आहेत. पलंगावर एक म्हातारी गेलेली आहे. तिचं कुणीच नाही, म्हणून तिची शेवटची आंघोळ आम्हा दोन पोरींवर आली आहे. मी ओलं फडकं नुसतं पिळते आहे.

"आजी, आता त्वांड पुसतो हां," कुमुद म्हातारीला सांगते. "आजी, आता कूस बदलायची. हळू."

"अगं, ती मेलीय," तेव्हा मी कुजबुजले होते. आत्ताही कुजबुजते.

"मग काय झालं? न सांगता अंगाला हात लावला तर मेल्यालं माणूसबी दचकंल."

तीच आमची पुढची सगळी शिकवण. रुग्णाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पुस्तकातही आहे. पण रुग्ण गेल्यावरही सांगायचं, हे कुमुदचं. आम्ही दोघींनी किती तुकड्यांना ते शिकवलं. आणि आमच्या शाळेत आधीपासून आणखी एक रीत आहे. एखादी सिस्टर गेली तर तिची शेवटची आंघोळ परक्यावर सोडत नाहीत, बॅचमेट घालते. त्या म्हातारीला घालून झाल्यावर मोरीपाशी हात धुताना आम्ही ठरवून टाकलं होतं, जी आधी जाईल तिला दुसरीने घालायची.

"शब्द दिला होतास," मी चादर ताणत म्हणते.

"दिला होता की."

"मग?"

"आधी त्यो कोपरा खोच. ढिला राहिलाय."

मी वाकून कोपरा खोचते. मान वर करते तर पलंगावर म्हातारी नाही, कुमुद आहे. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हात काटक्या झालेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चैत्र आहे. लिव्हर गेलेलं आहे आणि ते तिलाही माहीत आहे, मलाही. सगळं दुखणं मी काढलं. अंग पुसलं, केस विंचरले, नखं कापली, मांडीखाली उशा सरकवल्या. प्रत्येक वेळी सांगून. ती नाक मुरडते.

"हेमे, घरला जा. आंघोळ करून ये. वास मारालाय."

"तुझा मारतोय."

"दोघींचा मारालाय. जा की."

हे तिचं शेवटचं बोलणं. मला ते पाठ आहे. "या वेळी मी जाणार नाही," मी म्हणते आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरते. पण धरलेलं स्टूल नाही, तांब्या आहे. मी माझ्या न्हाणीघरात आहे, डोळ्यांत साबण गेला आहे आणि बाहेर फोन वाजतो आहे. तांब्या ओतते तरी संपत नाही. ओतते, ओतते, पाणी येतच राहतं. फोन वाजायचा थांबतो.

ओल्या केसांनी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून पळते. पिशवीत तिच्यासाठी चंदनी साबणाची वडी आहे, कापूस आहे, तिची डाळिंबी साडी आहे, कारण आंघोळ करताना मला कळून चुकलं होतं की आज तिला ही साडी नेसवावी लागणार. खोलीत पलंगावर काहीच नाही. चादर नाही, उशी नाही, गादी उलटी टाकलेली. दारात हे उभे आहेत.

"हेमा, नेलं तिला. तिचीच इच्छा होती. लगेच न्यायचं, कुणासाठी थांबायचं नाही. तुला सांगू नका म्हणाली होती."

मला आंघोळीला पाठवलं आणि स्वतः बिनआंघोळीची गेली. दगा म्हणजे आणखी काय असतो? शोकसभेत प्राचार्यबाई बोलल्या, मरणानंतरही शिकवत राहिलेली शिक्षिका वगैरे. सगळ्यांचे डोळे पाणावले. मी कोरडी ठणठणीत बसून होते, मांडीवरच्या पर्समध्ये ती साबणाची वडी. ती अजून पर्समध्येच आहे. माझ्या रुमालांना, चष्म्याच्या घराला, सगळ्याला चंदनाचा वास येतो.

मी पर्स उघडून साबण काढते. समोर घंगाळात पाणी तयार आहे, वाफा येत आहेत. खिडक्या उंचावर आहेत. हवेत ॲनाटॉमीच्या हॉलचा तो नाकाला झोंबणारा वास आहे. स्टीलच्या टेबलावर कुमुद बसली आहे, चादर लुगड्यासारखी गुंडाळून. आता ती पिवळी नाही, हाडकुळी नाही, नेहमीची आहे. ओळीने बाकीच्या टेबलांवरही माणसं चादरी घेऊन पडली आहेत. ती झोपल्यासारखं दाखवतात, पण ऐकत आहेत.

"आता तरी आंघोळ घालू दे," मी म्हणते.

"हितं? समद्यांसमोर?"

"का केलंस ते सांग आधी. भाषणातलं कारण नको."

"भाषणातलंबी खरंच हाय थोडं."

"आणि बाकीचं?"

ती पायांकडे बघत राहते. लोणच्याची फोड पळवताना पकडली गेली की अशीच बघायची.

"तू मला धुतलं असतंस, तर ह्या कॉलेजवाल्यांच्या ताब्यात दिलं असतंस व्हय?"

"नसतं दिलं."

"हां. मग तुला कसं सांगायचं?"

"भांडून सांगायचं! आयुष्यभर भांडलोच ना? ड्युटीवरून भांडलो, खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडलो. यावरूनही एकदा भांडायचं होतंस."

"तू जितली असतीस."

"जिंकले असते तर जिंकले असते."

"म्हणूनशान तर." घंगाळातली वाफ तेवढी वर जाते. "आणि एक हाय, हेमे. समद्यांपुढं मेल्यालं मला चालतंय. तुज्यापुढं न्हाई चालत. तू मला सांगितलं असतंस, कुमे, आता तोंड पुसते हां, कुमे, आता कूस बदलते. आणि तुला व्हय म्हणायला मी नसतो. नुसता इचार करून मला सोसंना झालं."

"आणि माझं काय?"

"तुजं मी बघितलं न्हाई."

"तुझ्या भावाला ठाऊक, माझ्या नवऱ्याला ठाऊक, त्या हॉलच्या शिपायालासुद्धा ठाऊक. मी कोण होते तुझी?"

"तेवढं चुकलं माझं," कुमुद म्हणते.

चैत्रापासून मला वाटत होतं, ही एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. ती म्हणते आहे, माझ्याकडे बघून म्हणते आहे, आणि ते पुरत नाही. मला रडू फुटतं. रागाचं रडू, नाक वाहणारं, लाज आणणारं.

"मग आता घालू दे आंघोळ."

"बरं बाई. घाल. आधी हात दाव."

मी उजवा हात पुढे करते. सिस्टर ट्यूटर नखं तपासायच्या, तशी ही तपासणार असं मला वाटतं. ती माझं मनगट धरते. बोटं गार आहेत. मांडीवरचा रोल उचलून ती बँडेज बांधायला लागते, उजवीकडून डावीकडे, मनगटावरून तळहातावर, तळहातावरून पुन्हा मनगटावर, एकावर एक अर्धी घडी. फर्स्ट इयरला आम्ही अशाच एकमेकींवर हात बसवत बसायचो. राग आहे तिथेच आहे, पण हात तिच्या हातात आहे, आणि तो मला काढून घ्यावासा वाटत नाही. शेवटचं टोक ती कुठे तरी खोचून टाकते.

"झालं," ती म्हणते. "आता हे भिजवायचं न्हाई. काय शिकवतीस गं पोरींना?"

मी हाताकडे बघते. घंगाळाकडे बघते. साबण डाव्या हातात तसाच आहे. पुन्हा फसवलं.

"कुमे!"

"एका हातानं आंघोळ घालता येती व्हय कुणाला?" ती खुशीत म्हणते आणि टेबलावर आडवी होते. चादर हनुवटीपर्यंत ओढून घेते. मग तिचा चेहरा बदलतो.

"हेमे, तीनला पोरी येतील."

"रेश्मा आणतेय."

"रेश्माला म्हाईत हाय का, चादर उचलायच्या आधी सांगायचं असतंय ते? तिला शिकवायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी साबण पर्समध्ये टाकते.

"ती सरळ वढंल चादर. मी दचकंन, हेमे."

"दचक की मग," मी म्हणते. "मीही दचकलेच ना."

ती चादर तोंडावर ओढून घेते. ओळीतल्या सगळ्या चादरी एकदम स्तब्ध होतात, आणि मी बोलले ते शब्द त्या उंच खोलीत कितीतरी वेळ राहतात. मला ते परत घ्यायचे नाहीत. पण ती खरोखरच भ्यालेली आहे, हे मला दिसलं आहे. दुखण्यात इतकं सोसलेली बाई एवढ्याशा गोष्टीला भ्याली आहे.

मांडीवरून एक रोल घरंगळतो आणि फरशीवर उलगडत उलगडत कॉटखाली जातो. पंखा पुन्हा डोक्यावर आला आहे. कॉटवर चौगुलेकाकू आहेत, छातीपर्यंत चादर घेऊन, रबराच्या. दार वाजतं आहे.

"मॅडम?" रेश्मा डोकावते. "मुली खाली उभ्या आहेत. आम्ही निघू?"

मी डोळे पुसायला हात उचलते तर गालाला कापड घासतं.

रेश्मा आत येते. "अगंबाई, मॅडम, हाताला काय लागलं?"

उजवा हात मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत बँडेजमध्ये आहे. मी उजव्या हाताची बाई. डाव्या हाताने मला स्वतःच्या वेणीची पीनसुद्धा धड लावता येत नाही. घड्या एकसारख्या आहेत, अर्धीवर अर्धी, आणि सगळ्या उजवीकडून डावीकडे.

"हे उलटं बांधलंय कुणीतरी," रेश्मा वाकून बघते. "पोरींनीच केलं असणार. थांबा, सोडून नीट बांधते."

"हात लावू नकोस."

ती एक पाऊल मागे सरते. मी जरा मवाळ होते. पर्स उचलते. चंदनाचा वास येतो.

"रेश्मा, तिथे गेल्यावर चादर कशी उचलशील?"

"कशी म्हणजे?" ती गोंधळते. "डोक्याकडून धरायची, आणि..."

"आणि?"

"ओढायची."

माझा राग गेलेला नाही. जाईल असं मला वाटतही नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर यांच्या हातातला पेपर काढून घेऊन मी नीट, पोटभर भांडणार आहे, जे कुमुदशी भांडायचं राहून गेलं ते सगळं. पण ते संध्याकाळी.

"चल, मी येते," मी म्हणते. "तिथे गेल्यावर कुणी चादरीला हात लावायचा नाही. मी सांगितल्यावरच."

"बरं, मॅडम. तुम्ही सांगितल्यावर उचलू."

"तुम्हाला नव्हे, तिला सांगितल्यावर."

रेश्मा दार उघडून धरते. खालून पोरींच्या हसण्याचा आवाज येतो आहे, पहिल्यांदा मेलेलं माणूस बघायला निघालेल्या पोरी हसतात तसा. जिना उतरताना मी डाव्या हाताच्या नखाने बँडेजचं टोक शोधत राहते. शेवटच्या पायरीपर्यंत ते सापडत नाही.